ओलं आहे का रे हे?

परवा संध्याकाळी माझ्या गिटारवर एक अंगठा उमटला. माझा नाही, शेजारच्या काकांचा. खिडकीशी नेऊन तिरकी धरली की वलयंसुद्धा मोजता येतात. मी मोजली.

गिटार अजून पुरती व्हायची आहे. तारा नाहीत, त्या जिथे अडकवतात तो ब्रिजही चिकटवायचा आहे. तीन आठवडे नुसतं लाखेचं पॉलिश चाललंय. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाच्या बोळ्यात घ्यायचा, वर तेलाचा एक थेंब, आणि फिरवत बसायचं. बोळा लाकडावर थांबला की चिकटलाच, म्हणून तो फिरता ठेवूनच टेकवायचा आणि फिरता असतानाच उचलायचा. एका बैठकीत चढणारा थर इतका पातळ, की तो चढला यावर फक्त माझा विश्वास असतो.

काका स्क्रू ड्रायव्हर मागायला आले होते.

"ओलं आहे का रे हे?"

प्रश्न संपायच्या आत अंगठा पोहोचला होता.

"हो, काका!"

"हो, आहे," त्यांनी निकाल दिला. "चिकटतंय." मग अंगठा पुसला. माझ्या स्वच्छ, धुतलेल्या, बोळ्यासाठी राखून ठेवलेल्या सुती कापडाला. "पंख्याखाली का नाही ठेवत?"

"धूळ बसते."

"मग झाकून ठेव."

"झाकलं तर चिकटेल. आणि हवा लागते ना सुकायला."

"तेच म्हणतोय. पंखा लाव."

एव्हाना त्यांचा एक डोळा मधल्या भोकाला लागला होता. "आत काहीच नाही की रे!" हे ते फसवणूक उघडकीला आल्याच्या आवाजात म्हणाले. मग चार बोटं आत गेली आणि वरच्या फळीला खालून चाचपू लागली. चेहरा गंभीर झाला, नाडी सापडत नसल्यासारखा.

"या पट्ट्या तिरक्या लागल्यात."

मी सांगितलं, की त्या तशाच लावायच्या असतात. तारांच्या ओढीने फळी फुगू नये, तरी मोकळेपणी थरथरावी, म्हणून एकमेकींना छेदून फुलीसारख्या. १८४० च्या दशकात मार्टिन नावाच्या कारागिराने अमेरिकेत हे करायला सुरुवात केली, तेव्हापासून चालत आलंय.

काकांनी थोडा विचार केला. "त्यालाही सरळ जमल्या नसतील."

आता मला काय दुखतं ते सांगतो. तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवली. आवाज मुख्यतः वरच्या फळीचा असतो, हे दाखवायला. म्हणजे काकांनी पाठीवर अंगठा मारला असता तर मी तोरेसचं नाव घेऊन गप्प बसलो असतो. पण नाही, स्प्रूस लाकडाची वरची फळीच. ती रंधून-घासून पावणेतीन मिलिमीटरवर आणताना मी श्वास रोखून धरत होतो. दर दहा मिनिटांनी टिचकी मारून कान लावत होतो आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवत होतो.

"पण तयार मिळते ना ही?" काका म्हणाले.

हे सगळेच विचारतात. रात्रभर जागून क्रिकेट बघणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की अरे, निकाल सकाळी कळणारच होता. आम्हालाच विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "छान वाजवत असशील मग?" मला तीन कॉर्ड येतात, त्यातली एक बरी लागते. मडकी घडवणाऱ्याला कुणी विचारतं का, की रोज किती पाणी पितोस? मला राग काकांचा नाही. म्हणजे आहेच. पण एवढ्या महिन्यांत एकाही माणसाने तिला नुसतं बघितलं नाही. हात मागे बांधून, अर्धा मिनिट. सगळ्यांना एकतर ती दाबून बघायची असते किंवा तिची किंमत काढायची असते.

बायको म्हणाली, "परत लाव की थोडं, त्यात काय!" चीड याची, की तिचं बरोबर आहे. लाखेच्या नव्या थरातलं स्पिरिट जुना थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. चांगलं सुकू द्यायचं, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासायचं, दोन-तीन बैठका मारायच्या, की अंगठा गायब. एवढं सोपं आहे हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही.

आज सकाळी काका पुन्हा आले. स्क्रू ड्रायव्हर नव्हता, खुर्ची होती. एक पाय निखळलेली. "तुझं लाकडाचं चालू असतंच, तर एवढं जरा..."

चिकटवून दिली. क्लॅम्प लावला. हा डिंक चोवीस तासांत पक्का होतो.

"कधी नेऊ?" त्यांनी सांध्यावर अंगठा दाबत विचारलं.

"दोन महिने लागतील, काका."