व्हिडिओ डॉक्टरचे 200 रुपये कुणाला देऊ नका

गोवंडी-मानखुर्दच्या ग्रुपांवर फिरतंय ना, की सरकारी व्हिडिओ डॉक्टर पाहिजे तर 200 रुपये भरून कार्ड काढा आणि स्मार्टफोन नसेल तर विसरा, ते चुकीचं आहे. ई-संजीवनी, म्हणजे हीच सरकारची व्हिडिओवर डॉक्टर भेटवणारी सेवा, फुकट आहे, तिची ओपीडी एप्रिल 2020 पासून चालू आहे. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, टोकन मिळतं, बस. तो ओटीपी फोन करून मागणाऱ्या कुठल्याच "साहेबांना" सांगू नका प्लीज.

स्मार्टफोनचं म्हणाल तर घरात कुणाचाही चालतो, आणि गावाला आईवडील असतील त्यांना तर तोही नको, आरोग्य उपकेंद्रात गेलं की तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम स्वतःच्या टॅबवरून मोठ्या डॉक्टरला जोडून देतात, खरं तर ही सोय जास्त कामाची पण हिच्याबद्दल कुणी फॉरवर्ड करत नाही. टेन्शन, झोप नाही, असं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर 14416, साध्या बटणाच्या फोनवरून, 24 तास, तेही फुकट.

हां, झोपेच्या सगळ्या गोळ्या व्हिडिओवर लिहून मिळत नाहीत, नियमच आहे. आणि छातीत दुखत असेल तर टोकनची वाट बघत बसू नका, 108 लावा.