एकदम ऑनेस्ट रिव्ह्यू कसा द्यावा

मेकअपच्या वस्तूंवर प्रामाणिक मत देण्याचा धंदा सध्या बरा चाललाय. भांडवल फारसं लागत नाही. चेहरा आपलाच असतो, मोबाईल हप्त्यावर मिळतो, आणि प्रामाणिकपणा व्हिडिओच्या नावातच टाकायचा असतो, पुढे त्याचं काम पडत नाही. घरात एखादी मुलगी बारावीनंतर काय करावं या विचारात असेल, किंवा तुम्हालाच दुपारचा तासभर मोकळा मिळत असेल, तर मी सांगते तसं करा. मला यातलं कळतं. गेल्या पंधरा दिवसांत एका व्हिडिओवालीचं ऐकून चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनची बाटली आणि ब्रशांचा सेट यांवर माझे ८९९ अधिक १,२९९ असे २,१९८ रुपये गेलेत. एवढ्या फीत टायपिंगची परीक्षा सुद्धा झाली असती.

पहिलं वाक्य ठरलेलं आहे : 'गाइज, हे पेड नाहीये हां.' वस्तू फुकट घरी आली, पण हातात रोकड पडली नाही, म्हणजे पेड नाही. इतकं सरळ आहे. नियमवाल्यांना हे पटत नाही. ॲस्की या जाहिरातींच्या मानक परिषदेनं २०२१ सालीच सांगून ठेवलंय की फुकट आलेली वस्तूसुद्धा उघड सांगायची, आणि जाहिरात आहे हे बघणाऱ्याला लगेच दिसलं पाहिजे. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, आणि तो शिफारस करणारीलाही लागू होतो. घाबरू नका. 'कोलॅब', म्हणजे कंपनीशी हातमिळवणी, हा शब्द वीस हॅशटॅगांच्या गर्दीत सतराव्या जागेवर टाका. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलेलं पोर जितकं दिसतं तितका तो दिसेल. ज्याचं लावावं क्रीम, त्याची वाजवावी टाळी.

खोली एसीचीच हवी. पडदे ओढा, गोल दिवा लावा, तोंडाला लावल्यावर दहा मिनिटांच्या आत व्हिडिओ संपवा. सोलापुरात राहून सोलापूर कुठंही दिसता कामा नये. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना आत बसून 'समरसाठी बेस्ट' म्हणता आलं पाहिजे.

'लाँग लास्टिंग' म्हणा. किती लाँग, हे विचारणारा अजून जन्मायचाय.

नावं उच्चारताना जीभ जरा वळवा. लॅक्मे म्हणताना तर अशी वळवा की कंपनी थेट पॅरिसहून आल्यासारखी वाटली पाहिजे. १९५२ साली टाटांनी ती इथंच काढली आणि नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप, हे सांगू नका. लक्ष्मी म्हटलं की लोकांना भाव कमी करून मागायची सवय आहे.

रंगाची छटा, म्हणजे शेड, दाखवायची ती मनगटाच्या आतल्या बाजूला. तिथली कातडी आयुष्यात ऊन न बघितलेली असते, त्यामुळे काहीही शोभतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण बघणारीच्या वाट्याला येतं. मग 'सगळ्या स्किन टोनला चालतं' असं ठोकून द्या. फेंटी या परदेशी ब्रँडनं २०१७ मध्ये फाउंडेशनच्या चाळीस छटा एकदम बाजारात आणल्या, तेव्हा कुठे बाकीच्या कंपन्यांना जगात सावळ्या बायकाही आहेत हे आठवलं. पण तुमच्याकडे आलेल्या बाटलीची एकच छटा असते आणि तिचं नाव 'आयव्हरी' असतं. आयव्हरी म्हणजे हस्तिदंत. सोलापुरात हस्तिदंती रंगाच्या किती बायका तुम्ही पाहिल्यात? मी बावन्न वर्षांत एक पाहिली, तिला कावीळ होती.

नवी पेठेत एक म्हातारे दुकानदार आहेत. त्यांनी मला बाटली दिलीच नाही. म्हणाले, "मावशी, हे तुमच्यासाठी न्हाई. जबड्याच्या कडंला जरा लावा, बाहेर उन्हात जावा, अर्ध्या तासानं या. तेल सुटलं की हे अजून काळं पडतंय. मग बघू." त्यांच्याकडे रिंग लाइट नाही, त्यांचे फॉलोअर नाहीत, म्हणून मी त्यांचं ऐकलं नाही आणि घरी येऊन ऑनलाइन मागवली.

लिपस्टिकला परीक्षा सोपी ठेवा : हाताच्या पाठीवर ओठ टेकवा, डाग पडला नाही की 'ट्रान्सफर-प्रूफ'. द्रव मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, लिपस्टिकमधला बाष्प होणारा द्रावक उडून जातो आणि ओठावर रंगाचा पापुद्रा राहतो, म्हणून कोरड्या हातावर डाग पडत नाही. पण तो पापुद्रा तेलाला भितो. आपल्याकडची परीक्षा खरं म्हणजे एकच आहे : कडक भाकरी, तेल घातलेली शेंगा चटणी, वर कच्चा कांदा. त्यातून जी वाचली ती लिपस्टिक. ही परीक्षा मी अजून एकाही व्हिडिओत बघितलेली नाही. मॅक कंपनीची रूबी वू ही लिपस्टिक जगभर गाजलेली आहे, लाल तर इतकी सुरेख की बघत राहावं, पण ओठ कोरडे असले तर लावतानाच ओढते, हे तिच्यावर जीव टाकणाऱ्या बायकाही कबूल करतात. असं काही कबूल करायचं नाही. कबूल केलं की पुढचं पार्सल येत नाही.

काजळाबद्दल काही बोलू नका, ते सगळ्यांचंच पसरतं.

ब्रशवर मात्र निवांत वेळ काढा. सेट चोवीसचाच दाखवा. गुलाबी दांडे, सोबत खोट्या चामड्याची गुंडाळी, ती उलगडली की सुतारानं हत्यारं मांडल्यासारखं वाटलं पाहिजे. एकेक ब्रश उचलायचा, गालावरून फिरवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं 'सोऽ सॉफ्ट'. चोवीसही वेळा. कुठला कशासाठी, हे मात्र चुकूनही सांगायचं नाही. पावडरला शेळीच्या, खारीच्या केसांचा ब्रश चालतो, कारण तो पावडर धरतो आणि अलगद सोडतो. पातळ फाउंडेशनला कृत्रिम तंतूंचा लागतो, कारण केसांचा असला तर अर्धं तोच पितो. दोन वाक्यं आहेत. दहा सेकंद. कुणी सांगितली मला? मी आपला सगळ्यात गुबगुबीत ब्रश उचलला आणि बुडवला फाउंडेशनमध्ये. पाव बाटली त्यानं गिळली. उरलेलं गालावर आलं, त्यासोबत ब्रशाचे चार केस आले, आणि ते चार केस भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये कायमचे गेले.

त्यावर त्या व्हिडिओवालीचा धुण्याचा सल्ला. 'गाइज, ब्रश दर आठवड्याला धुवायचे, वाहत्या कोमट पाण्याखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत.' वाहत्या. पाण्याखाली. अगं, तू जुळे सोलापुरात राहतेस! तुमच्या नळाला काय गंगा येते? आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री अडीचला. आधी दहा मिनिटं नुसती हवा, मग गढूळ धार, मग वरच्या मजल्यावरचे मोटार लावतात की आमचा नळ पुन्हा खोकायला लागतो. उजनी धरण शंभर टक्के भरलं की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. आम्ही तो फोटो बघून तहान भागवतो. आणि चोवीस ब्रश 'पाणी स्वच्छ येईपर्यंत' धुवायचे! आमच्याकडे नळातून सुरुवातीलाच स्वच्छ येत नाही, ब्रशातून कधी येणार?

तरी मी धुतले. रात्री अडीचला उठले, टाकी भरली, पिंप भरलं, घागरी भरल्या, कूलर भरला, सासूबाईंच्या अंघोळीची बादली बाजूला काढली, आणि उरलेल्या अर्ध्या बादलीत चोवीस ब्रश भिजत घालून झोपले. सकाळी बघते तर एकोणीस ब्रश आणि पाच टकली दांडकी. केस ज्या पत्र्याच्या नळीत बसवलेले असतात तिच्यात पाणी शिरलं की आतला गोंद सुटतो, हे मला नंतर कळलं. तोंड खाली करून नुसती टोकं भिजवायची, लहान मुलांचा शाम्पू थोडा लावायचा, बोटांनी पिळायचं आणि आडवे वाळत घालायचे. तांब्याभर पाण्यात होतं. हे व्हिडिओत नव्हतं. व्हिडिओत पाठीमागं गाणं होतं.

तर लग्न. भाचीचं, विजापूर रस्त्यावरच्या कार्यालयात, मे महिना, मुहूर्त दुपारी बारा एक्केचाळीस. कूलर होते, ते गरम हवा ओली करून अंगावर फेकत होते. 'सोळा तास टिकतं' असं बाटलीवर छापलेलं माझं तोंड तिसऱ्या मंगलाष्टकाला कानाच्या बाजूनं सुटायला लागलं. पाचव्याला हनुवटीवरून ओघळ. वरून फोटोग्राफर म्हणतो, "काकू, जरा मागं सरका, तुम्ही एकट्याच उजेडात दिसायलाय." ऊन लागू नये म्हणून फाउंडेशनात जी टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइडसारखी पांढरी खनिजं असतात ती फ्लॅश परत फेकतात. नवरी सावळी सुंदर, तिची आई सावळी सुंदर, आणि शेजारी मी, पिठाच्या डब्यातून उचलून आणलेली. गोरी दिसावं म्हणून गेले आणि गोरीमोरी होऊन आले. धाकटी बहीण तर धावत लिंबूसरबत घेऊन आली. तिला वाटलं माझं बीपी उतरलं.

आणि तिथंच ती भेटली. आमची व्हिडिओवाली, जिच्या 'एकदम ऑनेस्ट' शब्दावर मी बाटली आणि ब्रश दोन्ही घेतले ती. भाचीची मैत्रीण आहे. तिच्या तोंडावर काय होतं? काजळ, थोडी कॉम्पॅक्ट, लिपस्टिक. घामानं चमकत होती पण छान दिसत होती. मी विचारलं, "अगं, ते फाउंडेशन नाही लावलंस?"

"कुठलं काकू? ते होय! ते मी लावत नाही की. मला फोड येत्यात त्यानं."

"मग व्हिडिओत?"

"ते फ्री आलतं, काकू," म्हणाली आणि पंगतीत जाऊन बसली. वर जिलेबी मागून घेतली.

आता सल्ला बास झाला. बाई, तुझ्याशीच बोलते. वस्तू खराब निघतात, त्याचं मला काही वाटत नाही, टॉवेलच्या गठ्ठ्यातसुद्धा एखादा विरविरीत निघतोच. पण तुला माहीत होतं. तुझ्या गालावर फोड आले, ते तू दुसऱ्या क्रीमखाली झाकलेस, गोल दिवा लावलास आणि आम्हाला सांगितलंस घ्या म्हणून. मी निदान बावन्न वर्षांची आहे, दोन दिवस चिडेन, लेख लिहीन आणि गप्प बसेन. तुझे व्हिडिओ बघणाऱ्या बाकीच्या कोण आहेत, बघितलंस कधी? शहराच्या पूर्व भागातल्या पोरी आहेत, ज्यांच्या आया घरी बसून विड्या वळतात. हजार विड्या वळून झाल्या की मजुरी हातात पडते. ८९९ रुपये म्हणजे किती हजार विड्या, जा आणि विचार. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यातल्या पोरी आहेत, संध्याकाळी सुटल्यावर रिक्षात एका मोबाईलवर चौघी मिळून तुला बघतात. तुला 'ताई' म्हणतात. ताई आहेस ना? मग ताईसारखं वाग.

आणि मागच्या महिन्यात ती गोरं करणारी डबी दाखवलीस, तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, बॅच नंबर नव्हता, मुदत नव्हती. मी व्हिडिओ थांबवून बघितलं. तसल्या बिनपत्त्याच्या क्रीमांमध्ये पारा सापडलेला आहे, आणि पाऱ्यानं मूत्रपिंडं जातात. 'पाकिटावर पत्ता आणि मुदत नसेल तर घेऊ नका' एवढं म्हणायला तुझी जीभ झिजली असती? लाज वाटत नाही? तुझी आई मला पाण्याच्या टँकरपाशी भेटते. तिला मी अजून काही बोललेले नाही.

बाटलीत अजून अर्धं शिल्लक आहे. येत्या रविवारी दुपारी एक वाजता आमच्या गच्चीवर ये. तोंड धुवून ये, पाणी मी भरून ठेवते. दोघीही लावू, कॅमेरा तूच धर आणि अडीचपर्यंत तिथंच बसू. छत्री आणायची नाही.