जुनं कोकणी घर घेताय? आधी छप्पर बघा, टाइल्सचं नंतर

हल्ली मुंबई-पुण्याची बरीच मंडळी राजापूर, गुहागर, देवगडकडची जुनी कौलारू घरं बघायला येतात. घ्यायचं, डागडुजी करायची, होमस्टे काढायचा नाहीतर भाव आला की विकायचं, असा विचार. मला तो आवडतो, वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या घरात परत चूल पेटली तर कुणाला नको आहे! पण मी ह्या दुरुस्तीच्या कामातलाच माणूस आहे म्हणून सांगतो, पैसा भलत्याच जागी जातोय. टाइल्स, फॉल्स सिलिंग, मॉड्युलर किचन सगळं होतं आणि छपराला कोणी हात लावत नाही.

अहो आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एक कौल सरकलं की पाणी रिपेवर (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी), तिथून वाशावर (रिपांखालचं उतरतं लाकूड), मग पाटाईवर (वासे पेलणारं आडवं लाकूड), आणि ओल्या लाकडाला वाळवी लागायला कितीसा वेळ! वासा खालून पॉलिश मारलेला मस्त दिसतो, पण त्याचं टोक भिंतीवर टेकतं ना, तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत सहज गेला आणि भुसा पडला तर वासा गेलेला आहे. मग तेवढे वासे बदला, त्यासाठी अख्खं छप्पर उतरवून स्लॅब टाकू नका. मातीत रचलेल्या जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाच्या, भिंती स्लॅबचं ओझं घ्यायला बांधलेल्याच नसतात, आणि मे महिन्यात त्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही. कौलारू घर म्हणून जे गिऱ्हाईक येणार होतं तेही जातं. मंगलोरी कौलं तर चांगली असली की फुटकी तेवढी बदलून बाकीची परत चढवता येतात.

दुसरं ते सिमेंटचं प्लास्टर. जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच अडकते, पावसाळा संपला की रंगाचे पापुद्रे, जोत्यापाशी पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर येणारा क्षार), मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन अजून एक थर चढवतो आणि पुढच्या वर्षी परत तेच. चुन्यात काम करणारा गवंडी पटकन मिळत नाही, मजुरीही जास्त घेतो, तरी थांबा पण त्याच्याकडूनच करून घ्या.

आता घेऊन, रंगवून, सहा महिन्यांत विकायचं म्हणणाऱ्यांसाठी. घेताना स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन खिशातून जातं. 24 महिन्यांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या उत्पन्नात धरून इन्कम टॅक्सच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स, त्यानंतर विकलंत तर 12.5 टक्के. नफा काढताना घराच्या सुधारणेचा खर्च वजा मिळतो, पण त्याला बिलं लागतात, आणि आपल्याकडे सुतार, गवंडी, चिऱ्याचा (जांभ्याच्या घडीव दगडाचा) ट्रक सगळं रोखीत आणि तोंडी. मजुरीची पावती घ्या, पैसे बँकेतून द्या. माझं स्पष्ट मत, कोकणातलं घर पटकन विकून सुटायचा धंदा नाहीये, पाच-सात वर्षं ठेवायची तयारी असेल तरच उतरा.

आणि कागद! ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा दाखवून घर आमचंच म्हणतात, पण तो घरपट्टीपुरता असतो, त्यानं मालकी ठरत नाही. घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा, तिथं काका, आत्या, आत्याची मुलं, मुंबईला गेलेले चुलते सगळे निघतात आणि सगळ्यांच्या सह्या लागतात. एकाची जरी राहिली तर टोकन देऊ नका, घर कितीही आवडलेलं असू दे. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी लागतो, ते वकिलाला आधीच विचारून ठेवा.

घर बघायला डिसेंबरात येऊ नका, तेव्हा सगळीच घरं सुंदर दिसतात. जुलैत या, संततधार लागलेली असताना, आणि माजघरात तासभर बसून वर बघत राहा, कुठं कुठं गळतंय ते दिसेल, त्यावरून भाव करा.