टाळीने कान तपासले जात नाहीत

नवजात बाळाला ऐकू येतं का हे तपासायला टाळी वाजवून ते दचकतं का पाहा, असं एका लेखात सुचवलंय. त्यावर विसंबू नका. एकाच कानाचा किंवा मध्यम दोष त्यात सुटतो. पहिल्या महिन्यात ओएई (कानात हलका आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी), 3 महिन्यांपर्यंत निदान, दोष असल्यास 6 महिन्यांच्या आत श्रवणयंत्र, हे वेळापत्रक धरा. ओएई बाळ दूध पिऊन झोपलेलं असताना, शांत खोलीत करावी. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात चिकटा-पाणी असतं, म्हणून निकाल ‘रेफर’ (म्हणजे पुन्हा तपासा) असा येऊ शकतो. ते बहिरेपण नव्हे, पण फेरतपासणी चुकवू नका (बरेच जण इथेच गळतात). एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) 5 दिवसांहून जास्त राहिलेल्या किंवा काविळीमुळे रक्त बदलावं लागलेल्या बाळाला मात्र ओएई पुरत नाही. ती आतल्या कानापर्यंतच पाहते, पुढच्या नसेचा दोष निसटतो. तिथे बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे पाहणारी चाचणी) मागून घ्या.