अमरावतीचे शिलापट आणि आपली पवनी

चेन्नईला जाणारे नागपूरकर बहुधा मरीना बीच, साड्यांची खरेदी आणि पुढे रामेश्वर असा बेत आखतात. एग्मोर भागातील सरकारी संग्रहालय त्या बेतात क्वचितच असते. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयातील चोळकालीन कांस्यमूर्तींची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्तही आहे. परंतु नागपूरच्या माणसाने तेथे सर्वाधिक वेळ द्यावा तो अमरावतीच्या शिलापटांना, असे माझे मत आहे. (ही अमरावती आपल्या विदर्भातील नव्हे, आंध्रातील. नागपूरहून चेन्नईला जाणारी गाडी विजयवाड्याला जी कृष्णा ओलांडते, तिच्याच काठी हे शिलापट ज्याचे, तो बौद्ध स्तूप होता.)

तेथील नालागिरी हत्तीचे गोल शिल्प पाहताना मी बराच वेळ खिळून राहिलो. एकाच वर्तुळात डावीकडे माजलेला हत्ती माणसांना तुडवीत सुटला आहे, आणि उजवीकडे तोच हत्ती बुद्धासमोर गुडघे टेकून बसला आहे. वरच्या खिडक्यांतून लोक हा प्रकार पाहत आहेत. सुमारे दुसऱ्या शतकातील त्या कारागिराने एवढ्याशा जागेत घबराट आणि शांतता शेजारी शेजारी बसवली आहे, आणि गर्दीतला एकही चेहरा उगाच भरतीला घातलेला वाटत नाही.

या शिल्पांनी सोसलेही पुष्कळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराने बांधकामाच्या सामानासाठी स्तूपाची टेकडी उकरली, १८४५ मध्ये वॉल्टर इलियट यांनी उत्खनन करून मिळालेले दगड मद्रासला आणले आणि त्यांतील बरेचसे १८५९ मध्ये लंडनला रवाना झाले. मद्रासमध्ये जे राहिले, पुढे सापडले, त्यांतील अनेक भिंतीत सिमेंटने पक्के बसवले गेले. दमट हवा आणि सिमेंटमधील क्षार यांनी त्या चुनखडीच्या दगडाला जी इजा केली, ती कित्येक शतकांच्या ऊनपावसानेही केली नसावी. तरीही आज एका प्रदेशाची ही कला एका दालनात, सलग, फिरून पाहता येते, आणि माझा मुद्दा नेमका येथेच सुरू होतो.

भंडारा जिल्ह्यातील पवनी नागपूरहून दोन तासांच्या आत आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा स्तूप मिळाला. दगडी कठड्यांवर दान देणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. एका शिल्पात मुचलिंद नाग आपला फणा पसरून रिकाम्या आसनाचे रक्षण करताना दिसतो. बुद्धाला मानवी रूपात न दाखवता आसन, चक्र, पाऊलखुणा यांतून सुचवण्याची हीच रीत अमरावतीच्या जुन्या शिल्पांतही आहे. हे सारे आपल्या अगदी दाराशी आहे, पण माझ्या ओळखीतील सुशिक्षित मंडळींपैकी पवनीला कोणी गेले असेल तर ते पानाच्या किंवा देवळांच्या निमित्ताने!

दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १९५६ च्या धर्मांतराचा इतिहास त्यांना तोंडपाठ असतो, परंतु या मातीत बौद्ध धर्म दोन हजार वर्षांपूर्वीच रुजला होता याचा डोळ्यांनी पाहण्याजोगा पुरावा त्याच शहरात, एका छताखाली त्यांच्यासमोर मांडला गेला पाहिजे. त्यासाठी नवी भव्य इमारत नको. घुमट आणि कारंजी यांवर खर्च करण्याची आपली हौस मला ठाऊक आहे. पवनीची शिल्पे, विदर्भातील इतर बौद्ध अवशेष, नकाशे, दानलेखांचे मराठी वाचन आणि समजावून सांगणारी चार जाणती माणसे एवढे पुरे. शिलापट मात्र भिंतीत पक्के करू नयेत. आणि दसऱ्याची सरकारी सुट्टी असली तरी त्या दिवशी हे दालन पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे राहावे, कारण बाहेरगावाहून आलेल्या बहुतेकांकडे नागपुरात तेवढाच एक दिवस असतो.