पोटरीचं दुखणं, पोटाची चर्चा

रात्री पोटरीत गोळे येतात म्हणून डॉक्टरांनी मॅग्नेशियम ग्लायसिनेट लिहून दिलं. काल ते घ्यायला मेडिकलमध्ये गेलो.

"ग्लायसिनेट संपलंय. ऑक्साइड देऊ? सेमच असतं," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. सेम नसतं, असं मी म्हणेपर्यंत शेजारी बीपीच्या गोळ्या मोजून घेणारे काका वळले.

"मॅग्नेशियम? बद्धकोष्ठ का?"

"नाही हो काका, पोटरीत गोळे येतात."

"पोटात?"

"पोटरीत!"

"तेच ते. पोट साफ नसलं की वायू खाली उतरतो. कधीपासून होत नाहीये?"

रांगेत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्या एकाएकी टूथपेस्टची किंमत वाचू लागल्या.

"आमच्या दादाला मिल्क ऑफ मॅग्नेशिया दिलेलं," काका रंगात आले. "दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला गेलो. कांदेपोहे येईस्तोवर दादा तीनदा आत! मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलगा घर नीट बघून घेतोय."

"मग मोडलं?"

"छे! आमची वहिनी तीच."

अख्खी रांग हसली. पोरगाही. मी सोडून सगळे.

चीड याची, की काका अगदीच चूक नव्हते. ऑक्साइडमध्ये वजनाच्या 60 टक्के मॅग्नेशियम असतं, पण अंगी लागतं थोडंच. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि माणसाचा दादा होतो. ग्लायसिनेट पोटाला सोसतं, पण त्यात मॅग्नेशियम जेमतेम 14 टक्के. म्हणजे डबीवर ठसठशीत 500 मिलिग्रॅम छापलेलं संयुगाचं वजन असेल, तर हाती लागतं सत्तरच्या आसपास. हा खुलासा मागच्या बाजूला, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत. पैसे मात्र पुढच्या आकड्याचे घेतात! त्यात कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या 2020च्या आढाव्यानुसार वयस्कांच्या पायांतल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होईलसं दिसत नाही. हे डॉक्टरांना कोण सांगणार? मला तर मेडिकलमध्ये पोटरी आणि पोट यांतला फरकही पटवता आला नाही.

निघताना काकांनी खांद्यावर हात ठेवला. "लाजायचं नाही. एरंडेल घ्या, कोमट दुधातून."

आज सकाळी बेल वाजली. वहिनींचा मुलगा पपई घेऊन दारात. "आईनं सांगितलंय, उपाशीपोटी खा."

पपई गोड निघाली. त्याचाही राग आला.