लाल केसांची बाई दिसली तर काय करावं

पुण्यात हल्ली लाल केसांच्या बायका बऱ्याच दिसतात. कुणी तांबूस, कुणी थेट डाळिंबी. अशी एखादी समोर आली तर गांगरून जाऊ नका. परवा एका मुंजीत मी स्वतः असे केस घेऊन पंगतीला बसले होते, तेव्हा जाणकार मंडळींकडून जे शिकले ते इथे देते.

आधी तिला अडवा. "अगं बाई, हे काय करून घेतलंस?" एवढं पुरे. उत्तरासाठी थांबायचं नसतं.

केसांना हात लावून बघा. विचारायचं काय त्यात, घरचंच कार्य आहे.

'गाजर' म्हणा. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' या १९०८ च्या कादंबरीत वर्गातला एक मुलगा अ‍ॅनला हेच म्हणतो आणि ती त्याच्या डोक्यात पाटी फोडते. हल्ली पाट्या कुणी वापरत नाही, तेव्हा बिनधास्त म्हणा.

मग नवऱ्याला बाजूला घ्या. "तू कसं काय चालवून घेतलंस रे?" बायकोच्या डोक्याचा सातबारा त्याच्याच नावावर असतो.

लाल केसवाल्या तापट असतात, हेही ऐकवून टाका. दाखला हवा तर ब्रिटनमधल्या बूडिका राणीचा द्या. रोमनांनी तिला फटके मारले, तिच्या मुलींवर बलात्कार केले आणि इसवी सन ६०-६१ च्या सुमारास तिनं लंडन जाळलं. तिचे केस पिंगट-तांबूस होते असं रोमन इतिहासकार डिओ लिहितो, तेही दीडशेक वर्षांनी. काळ्या केसांची असती तर एवढं सोसून गप्प घरी बसली असती, नाही का?

आता हुकमाचा एक्का. "गोऱ्या बायकांचे जन्मजात असतात, त्यांना शोभतं. आपल्याला नाही." हे मुंजीतल्या काकांचं वाक्य, मसालेभाताचा घास तोंडात असतानाचं. जन्मजात? जगात जेमतेम एक-दोन टक्के लोकांचे केस जन्मतः लाल असतात. त्यासाठी एमसी१आर या जनुकाची तसली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. सिनेनटी रिटा हेवर्थकडे ती नव्हती. तिचं मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो, केस गडद. हॉलिवूडनं नाव बदललं, कपाळावरची केसांची रेघ मागे नेली आणि डोकं लाल केलं. तिचा 'गिल्डा' सिनेमा आला १९४६ मध्ये, तोही कृष्णधवल! अमेरिकेची विनोदी नटी ल्युसिल बॉलही मुळात तपकिरी केसांचीच, लाली मेंदीची. इंग्लंडच्या राणी पहिल्या एलिझाबेथचे मात्र खरेच लाल होते, वडील आठव्या हेन्रीवर गेलेले. उतारवयात तीही लाल टोप घालून दरबारात बसायची. ४४ वर्षं राज्य केलं तिनं. "वयाला शोभेल असं काही करा" म्हणायची कुणाची टाप होती? आणि १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या राणी मेरीचा शिरच्छेद झाला तेव्हा जल्लादाच्या हातात नुसता टोप राहिला, आतले केस पिकलेले निघाले.

पिकतातच. माझेही पिकलेत. काकांचे तर कधीच पिकलेत, आणि काकांच्या डोक्याचा रंग सांगू? नारिंगी! मेंदी लावतात. भांगात पांढरी मुळं, कानाच्या पाळीवर डाग. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं, काळ्या केसावर फारसं दिसत नाही, पांढऱ्यावर असं पेटून उठतं. सकाळी सारसबागेत जाऊन बघा, बाकाबाकावर नारिंगी डोकी. त्यातल्या एकाच्या तरी बायकोला कुणी विचारलंय का, "तुम्ही कसं हो चालवून घेतलंत?"

अहो, काय लावलंय काय हे? तुमचे पांढरे झाले की मेंदी आणि आमचे झाले की थेरं? अर्धा दिवस डोक्याला फॉइल गुंडाळून मी बसले, पैसे मी मोजले, आणि जाब नवऱ्याला विचारता? तो बिचारा अजून ओशाळून हसतोय, त्याचंही चुकलंच. बटूला आशीर्वाद द्यायला आला होतात ना? मग त्याच्याकडे बघायचं, माझ्या भांगाकडे नाही. विचारायचंच असेल तर मला विचारा, तोंडावर. तेवढी हिंमत नसेल तर पानात पडलंय ते मुकाट्यानं जेवा, आणि घरी गेलात की कानावरचा तो डाग आधी घासून काढा.